सुई उचलायची राहिली

रॉकच्या जुन्या रेकॉर्ड मी घरोघरी फिरून गोळा करतो. परवा एका बाईंनी वडिलांच्या सगळ्या रेकॉर्ड देऊन टाकल्या. म्हणाल्या, "गाणं संपलं की बाबा लगेच सुई उचलायचे. त्या दिवशी नुसती खरखरच ऐकू येत राहिली, तेव्हा कळलं." घरी येऊन हे बायकोला सांगितलं.

आज त्यातलीच एक लावली. गिटार किंचाळून थांबली आणि सुई शेवटच्या रिकाम्या चरीत फिरू लागली. माणूस उठून जातो, यंत्र मात्र इमानाने फिरत राहतं, असं काहीतरी मनात घोळवत मी बसूनच राहिलो.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"अहो?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. खरखर चालूच होती.