चार नंबरच्या मशीनचा आवाज

"अक्का, पोरगं तोंड हलवायलंय, पर आवाज कामून येईना?"

रुक्मिणमावशींनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. काहीच नाही. पडद्यावर त्यांचा मारुती सौदीतल्या कुठल्याशा कॅफेत बसून बोलत होता, हसत होता, आणि त्यातलं एक अक्षर आमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मी तेव्हा सीमेवरच्या कन्नड मुलखात, मन्नाएखेळ्ळीत, हायवेवरच्या एका सायबर कॅफेत टेक्निशियन होते. सहा मशीन, कॅमेरा फक्त चार नंबरला. दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीला, मावशी दुपारच्या जीपनं यायच्या आणि लेकाला बघून जायच्या. आज मात्र नुसतं बघायचं नव्हतं. मारुतीसाठी राजेश्वर गावची मुलगी पसंत केली होती. मुलीकडचे रविवारी सुपारी फोडायला येणार होते. मारुती चार महिने 'बघू, सांगतो' करत होता, आणि आज काय ते नक्की सांगणार होता. फोनवर सांगितलेलं मावशींना चालत नव्हतं. "तोंड बघितल्याबिगर खरं-खोटं कळत न्हाई," म्हणायच्या.

मी व्हॉल्यूम बघितला. पूर्ण. म्युट नव्हतं. हेडफोन बदलला. तेच. मागे निकाल बघायला आलेल्या पोरांची रांग लागली होती आणि मालक शिवराजअण्णा गल्ल्यावरून विचारत होते, "मॅडम, अजून किती वेळ?"

"चित्र येतंय ना? मग आपलं बरोबर आहे," मी म्हटलं. "त्याच्या बाजूचा माइक गेलाय."

आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. बिघाड आधी समोरच्याच्या गळ्यात टाकायचा. खरं तर चार नंबरवर एखादं गाणं लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. नाही लावलं.

चॅटमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप केलं: तुमच्या माइकची पिन बघा.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं: ठीक आहे इथं.

"हा काय एकेक अक्षर शोधून मारतोय का?" मी वैतागले. मावशी हसल्या. "त्यो लहानपणापासून असाच. दमानं."

मी पुन्हा लिहिलं: मागची पिन काढून परत लावा. त्यानं मान हलवली. टेबलावरचा सीपीयूचा डबा त्यानं फिरवला आणि डाव्या हातानं पिन ओढली. पिन घट्ट होती. डबाच सरकायला लागला. मी लिहिलं: एका हातानं डबा धरा, दुसऱ्यानं ओढा.

तो थांबला. पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं, समजलं नाही. म्हणून तेच परत पाठवलं.

मग त्यानं उजवा हात वर केला आणि डब्यावर दाबून धरला. शर्टाची लांब बाही मागे सरकली. मनगटाच्या पुढे हात नव्हता.

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. दर शुक्रवारी या माणसाला मी कनेक्शन जोडून देत होते, आणि तो एकच हात हलवतो हे मला कधी दिसलं नव्हतं. बोलणं ऐकू यायचं, तेवढ्यात सगळ्यांचं भागत होतं.

मावशी रडल्या नाहीत. पडद्याच्या जवळ गेल्या. "अक्का, त्याला म्हनावं, त्यो हात परत दाव."

मला ते टाईप करवेना.

अण्णा ओरडायलाच आले होते. पडदा बघून खाली वाकले. हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, सकाळी या मशीननं कायतर विचारलं. मी यस दाबलो. बंद होऊन चालू झालं. त्यानं तर न्हाई ना?"

अपडेट! मी तिथेच कपाळावर हात मारला. अपडेटनं साउंडचा ड्रायव्हर बदलला होता. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि हेडफोन यांच्यातला दुभाषी. तहसीलमध्ये कन्नड साहेब आणि मराठी म्हातारी यांच्यामध्ये शिपाई उभा असतो ना, तसा. शिपाई नवा आला आणि त्याला मराठीच येत नसेल, तर साहेबही बरोबर, म्हातारीही बरोबर, पण काम होत नाही. मशीनच्या यादीत साउंडसमोर पिवळी खूण दिसत होती. 'रोल बॅक' दाबलं, म्हणजे जुन्या शिपायाला परत बोलावलं. घाईत दोनदा चुकीच्या जागी क्लिक झालं.

कर्र आवाज झाला. मग मारुती. "आई? आई, ऐकू यायलंय का?"

"यायलंय," मावशी म्हणाल्या. मग विचारलं, "जेवायलास कंच्या हातानं?"

"डाव्यानं." मग म्हणाला, "मशीनीत गेला. चार महिने झाले. आई, आज मी लग्नाला व्हय म्हननार होतो."

"पोरीच्या बापाला मी सांगते," मावशी म्हणाल्या. "तू घरी ये आधी."

सोयरीक मोडली. मारुती तीन महिन्यांनी परत आला.

नव्या टेक्निशियनना मी एकच सांगते. आवाज गेला, तर आधी आपल्याच मशीनवर गाणं लावून बघा, समोरच्याला पिन काढायला लावू नका. नियम साधा आहे. त्या शुक्रवारी मी तो पाळला असता, तर अर्ध्या मिनिटात आवाज आला असता, आणि रविवारी सुपारी फुटली असती.