वाळूत घासायचा निळा खडा

माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला काकीने सगळ्या बायकांसमोर आईचा हात धरला, अंगठीवर बोट आपटलं आणि म्हणाली, "जाऊबाय, हा नीलम हाय का सोड्याच्या बाटलीची काच?"

सगळ्या हसल्या. आई पण हसली, म्हणजे अशा वेळी हसायलाच लागतं ना. पण घरी आल्यावर तिने साबण लावून लावून अंगठी काढली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली.

आता ही अंगठी म्हणजे काय ते आधी सांगते. बाबांनी पहिली बोट घेतली त्या वर्षी त्यांनी आईला आणलेली. सोन्याचं कोंदण आणि मधे हा मोठा निळा खडा. मला कळायला लागल्यापासून ती आईच्या बोटातून निघालेली मी बघितलीच नव्हती. मासे साफ करताना, बोंबील वाळत घालताना, भाकरी थापताना, कायम बोटात. आणि आता तिथे फक्त एक गोरा पट्टा. तो पट्टा बघून मला असा राग आला ना! मी तिथल्या तिथे ठरवलं, नारळी पौर्णिमेला आई बोटीची पूजा करेल तेव्हा तिच्या बोटात अंगठी असणार आणि खडा असा असणार की काकीने बघत राहायचं.

"नको गं बाय," आई म्हणाली. "हात रिकामाच बरा. मासळीला काय नीलम दाखवायचाय?"

"मासळीला नाय, काकीला."

"तिला दाखवून काय हुणार? ती उद्या दुसरं काय तरी काढील."

मी ऐकलं नाही. रविवारी अंगठी रुमालात बांधली, घिवलीहून रिक्षाने बोईसर, तिथून एसटीने पालघर, आणि थेट सोनाराच्या दुकानात. दुकानातले शेठ म्हातारे, नाकावर चष्मा, आणि मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत शिरणारे. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"काच आहे का?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं काच?"

"काकीने."

"मग काकीला दुकान काढून द्या." शेठनी खडा चिमट्यात धरून माझ्यासमोर फिरवला. "बघ बेटा, समोरून निळा. आता बाजूने बघ."

बाजूने बघितलं तर निळा गायब! पाण्यासारखा, जरा पिवळसरच. परत फिरवला की परत निळा. "ही नीली. आमच्या धंद्यात हिला 'काका नीली' म्हणतात. खरा दगड आहे. नीलमची गरीब बहीण समज. पण हिच्या कडा सगळ्या गेल्यात, वरून दुधासारखी झाली. घासता कशाने?"

"वाळूने," मी म्हटलं.

शेठनी भिंग खाली ठेवलं.

मला आधी कळेचना यात काय एवढं. आमच्याकडे मासे साफ केले की बायका ओल्या वाळूने हात घासतात. खवले निघतात, वास जातो, मग वरून लिंबू. अंगठी काढून ठेवायची पद्धतच नाही. उलट अंगठी पण त्याच वाळूत घासून काढायची, सोनं कसं लखलखीत होतं! सोनं लखलखीत होत राहिलं आणि इतकी वर्षं खडा मात्र आंधळा होत गेला. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या पण नाही, आणि मी तारापूरच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला आहे, बोला!

"पॉलिश मारून देतो," शेठ म्हणाले. "पण परत वाळू लावली तर परत तेच."

"मग दुसरा दाखवा. निळाच. ह्याच कोंदणात बसेल असा."

त्यांनी ट्रे काढला आणि खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. सगळे निळे! सगळे सारखे! मी म्हटलं ह्यात महाग कुठला आणि स्वस्त कुठला, मला तर एकाच आईची पोरं वाटतात. मग मला आईचं आठवलं. आई म्हणते, दिव्याखाली मासळी घेऊ नये, दिव्याखाली शिळं पापलेट पण चमकतं. मी ट्रे उचलला आणि दुकानाच्या पायरीवर गेले.

"ओ ताई! ट्रे कुठे नेता?" शेठ गल्ल्यामागून असे उठले की त्यांची चप्पलच राहिली.

"उजेडात बघते. पळून नाय चालले."

ते पण आले, पायरीवर माझ्या शेजारी बसले, अनवाणी. बाहेर ढगाळ होतं, तसाच उजेड खड्याला बरा असं तेच म्हणाले. आणि मग पोरं वेगवेगळी दिसायला लागली. एक होता फिका, स्विमिंग पूलच्या पाण्याचा रंग. तो टोपाझ, सगळ्यात स्वस्त. शेठ म्हणाले, ह्याचा निळा रंग बहुतेक किरणं सोडून आणलेला असतो. मी म्हटलं, "म्हणजे हा आमच्या घिवलीचाच की! आमच्याकडे अणूची वीज बनते." शेठ एवढे हसले की रस्त्यावरचा भाजीवाला बघायला लागला.

दुसरा टांझानाइट. बाहेर निळा, आत बल्बखाली नेला की जांभळट. काय सुंदर! मी तर त्याच्या प्रेमातच पडले. किंमत ऐकून तो आधी ट्रेमध्ये परत ठेवला, पण मनात म्हटलं, महाग आहे म्हणजे चांगलाच असणार, दोन-चार महिने पगार साठवू. आणि तिसरा नीलम. खरा, जमिनीतला. आकाराने मसुराच्या डाळीएवढा, आणि किंमत टांझानाइटला पण मागे टाकणारी. आईच्या कोंदणाच्या मापाचा म्हटला तर शेठ म्हणाले, विचारूच नको.

"आणि हा?" मी शेवटचा उचलला. मोठा, गडद, आतून एकदम स्वच्छ.

"तो पण नीलमच. पण भट्टीत बनवलेला. दगड तोच, कडकपणा तोच, फक्त जमिनीऐवजी कारखान्यात तयार झाला. म्हणून किंमत काहीच नाही. ग्रहासाठी कुणी घेत नाही."

"आईला शनी नाय, काकी लागलीय," मी म्हटलं.

मन टांझानाइटवरच होतं, पण ती वाळू डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी घिवलीच्या किनाऱ्यावरची वाळू लोणच्याच्या बरणीत भरून दुकानात हजर. शेठनी कपाळावर हात मारला, पण खणातून फुटके-तुटके तुकडे काढून दिले, प्रत्येक जातीचा एक. मागच्या मोरीपाशी बसून मी वाळू ओली केली आणि घासायला लागले, आई घासते तसंच, जोर लावून. दुकानात आलेली एक बाई विचारत होती, हे काय चाललंय. शेठ म्हणाले, "परीक्षा चाललीये."

टांझानाइट पहिला नापास. माझा लाडका, अगदी धुकट झाला. नीली त्याच्यापेक्षा जरा बरी, पण तिच्या पण कडा गेल्या. टोपाझला काही झालं नाही, पण शेठ म्हणाले तो घासायला कडक असला तरी ठोका बसला की सरळ चिरतो, आणि आई दिवसभर मासळीच्या पेट्या आपटते. नीलमचे दोन्ही तुकडे, जमिनीतला आणि भट्टीतला, धुतले तर जसेच्या तसे. त्यातला कुठला कुठचा हे मला ओळखता पण येईना!

माझं ठरलं. भट्टीतला.

अंगठी तयार होऊन आली आणि मी घरी आईला सगळं सांगायला लागले, टांझानाइट काय, नीली काय, भट्टी काय. बाबा जाळं शिवत ऐकत होते. मी विचारलं, "बाबा, तुमाला तेव्हा नीलम म्हणून दिला होता का तो?"

"मी नीलम बोललोच नाय त्याला," बाबा म्हणाले. "निळा दे बोललो. त्यानं निळा दिला."

आईने अंगठी उजेडाकडे धरली, पुढून बघितली, बाजूने बघितली. "तुझ्या बापानं दिलेला खडा काढलास तू," ती हळूच म्हणाली, आणि माझं तोंडच उतरलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शेठनी बांधून दिलेली पुडी उघडून जुनी नीली तिच्या हातावर ठेवली, पॉलिश केलेली, चमकणारी. आई तिच्याकडे बघत राहिली. मग नवी अंगठी घेऊन उठली आणि तडक बाहेर गेली. मी मागे धावले. तिने अंगणातली वाळू ओंजळीत घेतली, वर पाणी ओतलं आणि अंगठी त्यात अशी घासायला लागली, अशी घासायला लागली की मी ओरडलेच, "आई, अगं हळू!"

"हळू कशाला? मी रोज काय हळू घासते?"

पाणी ओतलं. खडा तसाच्या तसा. तिने अंगठी बोटात घातली, गोऱ्या पट्ट्यावर बरोबर बसवली. मग नीली माझ्या हातात दिली. "ही अंगठीत बसवून तू घाल. तुमच्या कंपनीत साबण असतो."

नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळ्या बोटी सजवलेल्या, आई नव्या लुगड्यात, बोटीला हळदकुंकू लावून झालं, नारळ सोडून झाला. आणि आली की काकी! आईचा हात धरला, खडा बघितला, परत बघितला.

"खरा घेतलास काय गो?"

"कारखान्यातला हाय," आई म्हणाली. मला वाटलं होतं ती गप्प बसेल. नाही बसली.

"म्हंजे खोटाच ना मंग!"

"माझी पोरगी पण कारखान्यातच जाते. ती काय खोटी हाय?"

आजूबाजूच्या बायका पुन्हा हसल्या, पण ह्या वेळी आईकडे बघून नाही. आई खाली वाकली, हात हळदीने पिवळे झाले होते ते किनाऱ्याच्या वाळूने घासले, अंगठीसकट, आणि लाटेत धुतले. निळा खडा लख्ख.

काकी जराशी घुटमळली. मग तिने हळूच स्वतःची अंगठी माझ्यापुढे धरली, लाल खड्याची. वरून दुधासारखी झालेली.

"बाय, ह्याचं पण बघ ना गं, हा कशातला हाय."

मी म्हटलं, "काकी, आधी वाळू लावायची बंद कर!"