फळीवरची चादर

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागात, तिला सगळे घडीमावशी म्हणत. तिने घातलेली चादरीची घडी इतकी नेटकी असायची की नव्या सिस्टर चेष्टेने विचारत, "मावशी, हिच्यावर पेशंट झोपवायचा की नुसतं बघत बसायचं?" लग्न झालं त्याच वर्षी ती त्या पायऱ्या उतरली होती आणि आता निवृत्त होऊनच वर येणार होती. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय घरीही सुटली नव्हती. नवरा कानावर हात ठेवून म्हणायचा, "अगं, मी इथेच आहे, बॉयलरपलीकडे नाही."

तळघराचा एक नियम होता. प्रत्येक खाटेमागे तीन चादरी: एक खाटेवर, एक धुण्यात, एक फळीवर. फळीवरचीला हात लावायचा नाही. एखाद्या वॉर्डाची सिस्टर गोड बोलून मागायला यायची, "आजच्या दिवस द्या हो, संध्याकाळी परत करते." मावशी तिला चहा द्यायची, चादर द्यायची नाही. कुणी कंजूष म्हणालं, कुणी आखडू म्हणालं. पण अचानक अपघाताचे जखमी येऊन पडले की फळी भरलेली असायची, आणि तेव्हा कुणी काही म्हणायचं नाही.

निवृत्ती जवळ आली तशी कार्यालयातून विचारणा आली. सगळी रक्कम एकदम उचलायची, की महिन्याच्या महिन्याला पेन्शन घ्यायची? एकदा सही झाली की बदल नाही.

मुलगा शाळेची बस चालवायचा, दुसऱ्याच्या मालकीची. स्वतःची गाडी घ्यायचं त्याच्या मनात कधीपासून होतं. रविवारी जेवताना त्याने विषय काढला. "आई, तू एकदम उचल. गाडी आली की तुला काय कमी? मी आहे ना."

"तू आहेस, देवाची कृपा," ती म्हणाली. "भात घे अजून."

"म्हणजे हो ना?"

"म्हणजे भात घे."

मुलगा बापाकडे बघू लागला आणि बाप ताटाकडे. तिच्या लक्षात आलं की पाणी मुरतंय. मुलगा गेल्यावर तिने भांडी तशीच ठेवली आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. "बोला."

नवरा शिंपी होता. नजर अधू झाली तसं दुकान बंद केलं. स्वतःचा धंदा, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच नव्हता. जे होतं ते मुलांच्या शिक्षणात आणि लेकीच्या लग्नात गेलं. त्याने घसा खाकरला. "मी त्याला शब्द दिला. म्हटलं, तुझी आई नाही म्हणायची नाही. त्याने गाडीवाल्याला विसार देऊन टाकला."

ती म्हणाली, "जन्मभर दोनदा माप घेतल्याशिवाय कात्री उचलली नाहीत. आणि माझं कापड माप न घेताच फाडलंत?"

"अगं, पोटचा पोर आहे. परका आहे का?"

"परका असता तर इतका विचार केलाच नसता. सरळ नाही म्हटलं असतं. फळीवरची चादर आहे ती."

"तू माणसांनाही चादरी समजतेस."

हे तिला लागलं. त्या दिवशी प्रार्थनेला बसली तरी मन लागेना. आपण हावरट झालो का, असंही तिने देवाला विचारून पाहिलं. देवाने उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बॉयलरवाले काका भेटले, आणि तिच्या मते देव असाच बोलतो.

काकांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. सगळी रक्कम एकदम उचलून त्यांनी दोन मुलांना वाटून दिली होती. थंडी पडली की ते तळघरात उबेला येऊन बसत आणि नव्या माणसाला झडपांवरून सूचना करत. तो ऐकत नसे.

"काका, मुलं बघतात ना नीट?" तिने विचारलं.

"खोटं कशाला बोलू? बघतात. सुनांनी कधी ताट आदळलं नाही." काका मानेवर हात फिरवत राहिले. "पण केस वाढले ना मावशी, की घरात दोनदा म्हणावं लागतं, केस फार वाढलेत नाही का. मग कुणाच्या तरी ध्यानात येतं. मुलं वाईट नाहीत हो. मागावं लागतं, एवढंच."

त्यांची मान खरंच केसांनी भरली होती.

सहीच्या दिवशी तिने नवऱ्याला बरोबर घेतलं. "मी कशाला?" तो कुरकुरला. "तुमच्याही आयुष्याचं आहे, चला." पेन्शन कार्यालयात लांब बाक होता, पंखा होता आणि काचेमागे तरुण कारकून होती. तिने वर न बघताच विचारलं, "एकदम की महिन्याला?"

"थांब बाळ, आधी मला एक सांग. आणि जरा मोठ्याने सांग, यांना ऐकू जाऊ दे. मी आधी गेले तर?"

"महिन्याची घेतलीत तर तुमच्या मागे यांना अर्धी मिळत राहील. यांच्या शेवटापर्यंत."

"आणि एकदम उचलली तर?"

"मग काही नाही. दिलं ते दिलं."

नवरा चष्मा काढून पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता. मुलाने त्याला फक्त मोठा आकडा सांगितला होता आणि त्यानेही फक्त तेवढाच ऐकला होता. बायकोच्या आधी आपणच जाणार हे त्याने गृहीत धरलं होतं. पुढचं माप घेतलंच नव्हतं.

"महिन्याला," ती म्हणाली आणि सही केली. सही तिच्या घडीसारखी सरळ उमटली.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आता त्याला कोण सांगणार?"

"मीच. आत्ताच. निरोप वाटेत आंबतात."

शाळा सुटायची होती. मुलगा फाटकाबाहेर बसगाडीला टेकून उभा होता. दोघांना एकत्र येताना बघूनच तो काय ते समजला.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"तुझ्यावर आहे. गाडीवर नाही. गाडी बंद पडते."

"विसार बुडेल माझा. बाबांनी शब्द दिला होता."

"चूक माझी आहे," बाप म्हणाला. "तुझ्या आईला न विचारता बोललो." असं वाक्य त्याच्या तोंडून मुलाने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"माझ्या शिल्लक रजेचे पैसे येतील, ते तुझे," ती म्हणाली. "विसार बुडू देऊ नकोस, बाकीचं कर्ज काढ. पेन्शन मात्र माझी आणि यांची. उद्या आम्ही तुझ्याकडे येऊन राहिलो तरी आमचं औषध आम्ही आणू. तुझ्या बायकोला माझ्यासाठी तुझा खिसा चाचपावा लागणार नाही."

"रजेच्या पैशात कितीसं होतंय?"

"होईल तेवढं."

घंटा झाली. मुलं ओरडत सुटली आणि तो दार उघडायला गेला. लहानांना हात धरून चढवताना त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

"रविवारी येशील ना?" तिने आपल्या तळघरातल्या आवाजात विचारलं. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली.

"बघतो," तो म्हणाला आणि बस निघाली.

दोघं पायीच घराकडे निघाली. बरंच चालल्यावर नवरा म्हणाला, "नाही आला तर?"

"तर आपण जाऊ. बसभाड्याचे पैसे कुणाकडे मागायचे नाहीत आपल्याला."