चुकीच्या फोल्डरातली यादी

छापखाना जाळला तो भर दुपारी. चार माणसं डबे घेऊन आत शिरली. त्यांनी संपादकांना खुर्चीसकट आडवं केलं, सायकलच्या साखळीने त्यांचं तोंड फोडलं आणि मग कागदाच्या गठ्ठ्यांवर पेट्रोल ओतलं. खिळेकाका तेव्हा मागच्या खोलीत उभे होते. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, खणातून उचलायचं, उलटं वाचायचं आणि ओळीत बसवायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. धूर आला तसे ते पुढे धावले आणि संपादकांना बगलेत हात घालून मागच्या दाराने ओढत बाहेर आणलं. त्या खटपटीत त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली. उंबऱ्यापाशी मागे वळून पाहिलं, तर वितळलेलं शिसं फरशीवरून त्यांच्याच दिशेने वाहत येत होतं.

कारण होतं एक यादी. शहराबाहेरच्या दगडखाणीत दोन वर्षांत एकोणीस माणसं सुरुंगाने मेली होती. ही माणसं आपल्याकडे कामाला नव्हतीच, असं ठेकेदार सांगत होता. संपादकांच्या चार पानी साप्ताहिकात त्या शुक्रवारी त्या सगळ्यांची नावं छापून येणार होती.

संपादकांचा जबडा दवाखान्यात तारेने बांधला. बोलता येईना, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं: यादी? खिळेकाकांनी उत्तरादाखल स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. जुळवलेला मजकूर ते सहसा विसरत नसत. एकोणीस नावं, वय, तारखा, सगळं डोक्यात होतं, सुलटंही आणि उलटंही.

घरी त्यांची सून होती. ती सकाळी एका डॉक्टरकडे पेशंटची नावं नोंदवायची आणि उरलेल्या वेळात दुकानदारांच्या वेबसाइट करून द्यायची. हाताला पट्टी बांधलेल्या सासऱ्याने एक दिवस तिला विचारलं, कुणाला जाळता येणार नाही असं पान असतं का.

"असतं," ती म्हणाली. "पण बाबा, ह्यांना कळलं तर?"

हे म्हणजे तिचा नवरा, खिळेकाकांचा एकुलता एक मुलगा. तो त्याच खाणीत दगड वाहणारा टिपर ट्रक चालवायचा. बापलेकांचं बोलणं तसंही कामापुरतंच होतं. बाहेर कधी चढा आवाज न काढणाऱ्या खिळेकाकांचा घरात पट्टा बोलायचा. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या कानाखाली अशी मारली होती, की तो कान कायमचा गेला.

सुनेने पान तयार केलं. नावं खिळेकाकांनी स्वतः टाइप केली, एका बोटाने. मग ते सर्व्हरवर चढवायची वेळ आली. सर्व्हर म्हणजे काय, हे तिने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं: परक्या देशात कुणाच्या तरी इमारतीत आपल्या नावाचं एक कपाट. सॉफ्टवेअरला कपाटाचा पत्ता सांगायचा, आपलं नाव सांगायचं, किल्ली म्हणून पासवर्ड द्यायचा आणि कुठल्या खणात ठेवायचं ते सांगायचं. एकदा हे भरलं की पुढे नुसतं बटण दाबायचं.

त्यांनी ते चारही रकाने भरले आणि जोडणी तपासायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, प्रवेश नाकारला. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. सून वैतागली. खिळेकाका मात्र पासवर्डच्या रकान्यातल्या ठिपक्यांकडे बघत राहिले आणि एक ठिपका जास्त आहे म्हणाले. शेवटी एक मोकळी जागा टाइप झाली होती. छापखान्यात मोकळी जागाही शिशाचीच असते आणि ती ओळीत जागा अडवतेच, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेवढ्यात मुलगा दारात उभा राहिला. रविवार होता, तो जेवायला लवकर आला होता. त्याने पडद्यावरची यादी वाचली. त्यातल्या तिघांचे मृतदेह त्यानेच आपल्या टिपरमधून हलवले होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने वायर उपटली. खिळेकाका उठले आणि वीस वर्षांत न उचललेला हात त्यांनी उचलला. मुलाने तो वरच्यावर धरून पिळला आणि दुसऱ्या हाताने बापाच्या तोंडावर ठोसा मारला. म्हातारा टेबलावर आदळून खाली पडला. दोन दात फरशीवर पडले. मुलगा पुन्हा अंगावर जाणार, तोच सुनेने कपड्यांसाठी तापत ठेवलेली इस्त्री उचलली आणि मध्ये उभी राहिली.

"आता जो हात उचलेल त्याला भाजेन," ती म्हणाली. "दोघांपैकी कुणीही असो."

मुलगा निघून गेला. त्या संध्याकाळी खाणीच्या आवारात दारू पिऊन तो बरळला, की म्हातारा पुन्हा यादी लिहितोय. मुकादमाने ते ऐकलं.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास खिळेकाकांनी वायर लावली, रकाने तपासले, बटण दाबलं. यावेळी जोडणी झाली. फाइली एकेक करून वर जायला लागल्या आणि सून कामावर निघायला चपला घालत असतानाच मुकादम तीन माणसं घेऊन आत आला. त्याच्या हातात दगड फोडायचा घण होता.

पहिला घाव कॉम्प्युटरवर बसला. दुसरा सुनेवर, तिने मध्ये हात घातला म्हणून. तिच्या खांद्याचं हाड मोडलेलं शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. मग दोघांनी खिळेकाकांना टेबलाशी दाबून धरलं, उजवा हात पसरवला आणि मुकादमाने विचारलं, लिहितोस ती बोटं कुठली. त्यांनी मूठ मिटायचा प्रयत्न केला. मुकादमाने पाचही ठेचली. तिसऱ्या बोटानंतर त्यांची शुद्ध गेली होती, तरी तो मोजत राहिला.

फाइली तोवर सर्व्हरवर पोचल्या होत्या. पण दवाखान्यात पडल्या पडल्या सुनेने मैत्रिणीच्या फोनवर पत्ता उघडला, तर यादीच्या जागी पाटी दिसली: संकेतस्थळ लवकरच येत आहे. तिच्या लगेच लक्षात आलं. चौथ्या, म्हणजे खणाच्या रकान्यात चूक होती. सगळं जगाला दिसणाऱ्या फोल्डरऐवजी त्याच्या एक पायरी बाहेर पडलं होतं. रक्त सांडून चढवलेली यादी तिथे होती आणि कुणालाही दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गळ्यात हात अडकवून, जिथे कामाला होती त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या कॉम्प्युटरवर तिने तेच सॉफ्टवेअर घातलं आणि रकाने पुन्हा भरले. पासवर्ड तिला आठवेना, तो तिने फोनवर सासऱ्याला विचारला. गुंगीच्या औषधातही त्यांनी एकेक अक्षर बरोबर सांगितलं आणि शेवटी मोकळी जागा सोडू नकोस म्हणून बजावलं. तिने फोल्डर बदलला. साडेअकराला यादी दिसायला लागली.

त्याच दुपारी खाणीच्या आवारात मुकादम चार जणांना सांगत बसला होता, म्हाताऱ्याची बोटं कशी एकेक करून वाजली ते. मुलगा टिपरचं चाक बदलत होता. त्याने चाकाचा पाना उचलला, चालत गेला आणि सगळ्यांसमोर मुकादमाच्या तोंडावर हाणला. मुकादम पडला तरी तो थांबला नाही. त्याला ओढून काढायला सहा माणसं लागली. मुकादम वाचला, पण एक डोळा गेला आणि त्याला नीट बोलता येईनासं झालं. मुलगा पोलीस येईपर्यंत टिपरच्या पायरीवर बसून राहिला. चौकीत त्याने आधी मारामारीबद्दल सांगितलं आणि मग, कुणी न विचारता, त्या तीन मृतदेहांबद्दल.

यादी आणि हा जबाब, या दोन्हींमुळे खाण बंद पडली. ठेकेदार आत गेला, तीन महिन्यांनी जामिनावर बाहेरही आला. मुलाला पाच वर्षांची शिक्षा झाली.

पहिल्या भेटीला खिळेकाका तुरुंगात गेले आणि जाळीपाशी बसले. मग ते म्हणाले, "मी तुला मारायला नको होतं."

"कधीचं म्हणताय?"

"सगळंच."

मुलाने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि खिळेकाकांनीही विचारलं नाही. शिक्षा किती उरली, जेवण कसं मिळतं, एवढंच पुढे बोलणं झालं.

दर शुक्रवारी ते डाव्या हाताने साप्ताहिकाचं पान टाइप करतात. मजकूर संपादक सांगतात, त्यांचा जबडा अजून वाकडा आहे, म्हणून काही शब्द दोनदा विचारावे लागतात. मध्यंतरी एक बाई घरी आली. यादीत आपल्या नवऱ्याचं नाव एक वेलांटी चुकून छापलंय, म्हणाली. खिळेकाका फार ओशाळले. तिला खुर्ची देऊन त्यांनी तिच्यासमोरच वेलांटी दुरुस्त केली आणि पान पुन्हा वर चढवलं. ती पडद्याजवळ वाकली, ते नाव तिने दोनदा वाचलं आणि बरोबर आहे म्हणाली.