खंडेनवमीच्या रांगेतला कॉम्प्युटर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, सांगलीला, आई म्हणायची की या पोरीच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक बसवलंय. लग्न होऊन फलटणकडच्या ऊसवाल्या घरात आले तेव्हा कळलं की माझा राग म्हणजे काहीच नाही. तिथं सगळं मारूनच व्हायचं. बैल हलला नाही, हाण काठी. मोटर चालू झाली नाही, घाल स्टार्टरला लाथ. माणसानं ऐकलं नाही तर बोलायलाच नको. बळी तो कान पिळी, आणि त्या घरातला बळी म्हणजे माझे थोरले दीर. सासरे सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, नवरा सैन्यातच, लांब सीमेवर. भावजी तेवढे भरतीला छातीत कमी पडले आणि तो राग त्यांनी घरावर काढला, असं सगळे म्हणायचे. मी म्हणते, छातीत कमी पडलेले गावात ढिगानं आहेत, ते काही बायकांच्या मशिनी फोडत फिरत नाहीत.

मशीन म्हणजे शिलाई मशीन, माहेराहून आणलेलं. एका दुपारी मी ब्लाउजच्या बाह्या जोडत होते आणि भावजींना वाढायला उठायला उशीर झाला. त्यांनी मशीन उचललं, गच्चीवर नेलं आणि खाली फेकलं. त्याचं चाक उकिरड्यापर्यंत घरंगळत गेलं. मी तोंड सोडलं तर गालफडात अशी बसली की आठ दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दादाच्या नादाला लागू नगंस." बंदूक घेऊन बर्फात उभा राहणारा माणूस दादापुढं असा का होतो, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. त्या दिवशी मला भावजींपेक्षा नवऱ्याचाच राग जास्त आला.

नंतर मी फलटणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. गावात लोकांना फॉर्म भरून हवे असायचे. पीकविम्याचे, भरतीचे, दाखल्यांचे. त्यासाठी अख्खा दिवस मोडून फलटण गाठावं लागायचं. घरी कॉम्प्युटर असला तर हे काम माझंच होतं. सांगलीतल्या एका कॉलेजनं लॅबमधले जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा मी आणि आईनं एक आणला. सीपीयू गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला होता. पिवळा पडलेला, आत धुळीचा थर, आणि कॉलेजचा पासवर्ड तसाच. तो कुणाला माहीत नव्हता, म्हणजे सगळं पुसून नवी सिस्टिम टाकायची होती.

पण ती टाकून कॉम्प्युटर मी ठेवणार कुठं? दार लावलं तरी भावजींची लाथ होतीच. तेव्हा मला खंडेनवमी आठवली.

त्या दिवशी आमच्याकडं सोप्यात घोंगडी अंथरून हत्यारांची रांग लागायची. सासऱ्यांची दुनळी बंदूक, कोयते, पहार, कुऱ्हाड, भावजींच्या ट्रॅक्टरची किल्ली. अंगणात बोकड पडायचा आणि त्याच्या रक्ताचं बोट एकेका हत्याराला लागायचं. घरचा नेम असा की रांगेत पूजलेल्या हत्याराला वर्षभर धन्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. भावजी दारू पिऊन घरातलं काहीही फोडायचे, पण सासऱ्यांच्या बंदुकीपाशी जाऊन थांबायचे. भावजींच्या एका चुलत्यानं नेम मोडला आणि कडबाकुट्टीत त्याची दोन बोटं गेली, ही गोष्ट त्या घरात लहानपणापासून सगळ्यांना पाजलेली. जगात भावजी भीत होते ते एवढ्यालाच. माझा कॉम्प्युटर एकदा त्या रांगेत बसला की सुटला. मात्र मोडकं, बंद पडलेलं हत्यार रांगेत चालत नव्हतं. म्हणजे पूजेच्या आत तो चालू व्हायला हवा होता.

हातात दोन दिवस होते. पहिला दिवस नेहमीची नवी सिस्टिम चढवण्यात वाया गेला. ती त्या जुन्या डब्यात मावतच नव्हती. कोर्सच्या सरांनी पेनड्राइव्हवर लिनक्सची एक हलकी सिस्टिम भरून दिली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना, नुसत्या तीन शिट्ट्या मारायचं. सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी आतली मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात मुलीच्या खोडरबरनं घासले. शिट्ट्या बंद झाल्या, पण तेवढ्यात लाइट गेली ती पहाटेच आली.

खंडेनवमीला सकाळी मी पोटात चहासुद्धा न घालता बसले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, माझ्या खाटेवर बसून बघत होती. सुरू करताना एकच बटण दाबत राहायचं, मग मशीन पेनड्राइव्हवरून चालू होतं. भाषेच्या यादीत मराठी दिसलं तेव्हा मला खरंच भरून आलं. मग त्यानं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी हो म्हटलं. पट्टी सरकायला लागली. खाली लिहून आलं होतं की मशीन बंद करू नका.

बाहेर बोकड ओरडत होता. पट्टी तिशीवर असताना त्याचा आवाज मधेच तुटला. मग भावजींचं हसणं आलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. चाळीस. पन्नास. सोप्यात सासरे घोंगडी झटकत होते. साठ. मी पडद्याला हात जोडले, चल माझ्या बाई, चल. जाऊबाई दारात डोकावल्या आणि हे काय म्हणाल्या. मी मूर्खासारखं सांगून टाकलं की हे माझं हत्यार, आज रांगेत ठेवणारय. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्या तडक अंगणात गेल्या.

सत्तरीच्या पुढं पट्टी असेल, भावजी आत आले. दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले, कमरेला सुरा.

"बाईचं हत्यार?" ते म्हणाले. "आमच्या कोयत्यांच्या शेजारी हे डबडं ठेवतीस व्हय गं?"

"भावजी, पाया पडते, दहा मिनिटं हात लावू नका," मी म्हटलं. आणि मी खरंच वाकले, हे लिहिताना आजही माझी मला लाज वाटते.

त्यांनी भिंतीतली पिन उपटली. पडदा काळा झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कीबोर्ड जुना होता, विटेसारखा जड. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याची कड त्यांच्या भुवईवर हाणली. पहिल्या घावाला ते नुसते बघत राहिले, त्यांना खरंच वाटेना. दुसरा मी नाकावर मारला. कीबोर्डची बटणं खोलीभर उडाली. मग त्यांनी माझा अंबाडा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. डोळ्यांपुढं काजवे चमकले तरी मी त्यांच्या मनगटाला चावले. तोंडात बोकडाचं रक्त आलं, खारट, कोमट. त्यांनी माझी करंगळी उलटी पिरगाळली आणि ती मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी लाथ घातली, ते तोल जाऊन सीपीयूवर पडले. भुवई फाटली होती, तिथलं रक्त त्या पिवळ्या डब्यावर धार लागल्यासारखं गळत होतं. मला आनंद झाला. आत काहीतरी जनावर उठून बसलं होतं आणि त्याला अजून हवं होतं. भावजींच्या कमरेचा सुरा मला दिसत होता आणि माझा हात त्याच्याकडं गेलाही होता.

तेवढ्यात सासरे दारात आले. हातात पूजेचं ताट. त्यांनी आधी भावजींच्या पाठीत लाथ घातली, मग माझ्या थोबाडीत दिली. न्याय म्हणून सारखंच.

"म्हूर्त चाललाय," ते म्हणाले, "आन तुमी हितं कुत्र्यावाणी भांडताय?"

मी धापा टाकत म्हटलं, "मामंजी, मला हे रांगंत ठेवायचंय."

"आवं, बाईमाणसाचं..." भावजी जमिनीवरनं बोलायला लागले.

सासऱ्यांनी डब्याकडं बघितलं. त्यावरच्या रक्ताला बोट लावलं. "हे बोकडाचं का तुजं?" त्यांनी भावजींना विचारलं. भावजींनी भुवईवर तळहात दाबला. सासरे म्हणाले, "रगात लागलं न्हवं का हत्याराला? मग काय ऱ्हायलं?" मग माझ्याकडं वळून विचारलं, "चालतंय का?"

चालत नव्हतं. सत्तरीवर मेलेलं, धड जुनं नाही की धड नवं नाही. मोडकं हत्यार देवापुढं ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं.

"चालतंय," मी म्हटलं.

माझ्यावरच्या मायेनं त्यांनी हो म्हटलं असं मी समजत नाही. त्यांना मुहूर्त गाठायचा होता, आणि ज्याचं रक्त निघालं तो हरला एवढाच हिशोब त्यांना कळत होता. मी मोडकी करंगळी सांभाळत सीपीयू उचलला आणि कुऱ्हाडीच्या शेजारी ठेवला. त्यावर झेंडूचं फूल, हळदकुंकू वाहिलं. आरतीत भावजी भुवईला फडकं दाबून टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडं सरळ बघत होते आणि पहिल्यांदा त्यांनीच नजर खाली घातली. मला वाटलं, जिंकले. खोटं कशाला सांगू, बोटाच्या ठणक्यापेक्षा तो गर्व जास्त ठणकत होता.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की हत्यारं पुन्हा चालवायची. संध्याकाळी सगळे सोनं वाटायला बाहेर पडले, तेव्हा मी बोटाला पट्टी बांधून पुन्हा बसले. कीबोर्ड सरांनी दुसरा दिला होता. सगळं पहिल्यापासून. भाषा, मराठी. पुसून टाकू का, हो. पट्टी सरकत सरकत शंभरावर गेली. कुणी आलं नाही. भावजी सोप्यातून दोनदा गेले, पण दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. नंतर कधीच टाकलं नाही.

शेवटी मशीननं माझं नाव विचारलं. ते मी डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. मुलगी खाटेवरच होती, आदल्या दिवशी बसली होती तिथंच. मी तिला म्हटलं, "ये, हे तू दाब. आपला कॉम्प्युटर तुझ्या हातानं सुरू करू."

तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नगं," ती म्हणाली. "रांगंतलं हाय. हात लावला की तू मारशील."

"तुला कशाला मारीन गं?"

"मोठ्या पप्पांना मारलंस तसं. तू हसत हुतीस."

मी हसत होते हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या केसांवरून फिरवायला हात उचलला. तिनं डोळे मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. ते मान ओढणं मी ओळखत होते. भावजी दारातून आत आले की मी अगदी तशीच मान ओढायचे.

मी हात खाली घेतला. बटण शेवटी मीच दाबलं.