हवेपेक्षा जड

वायूंची घनता हा धडा मी महागावच्या शाळेत किती वर्षं शिकवला, त्याचा हिशेब नाही. "कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो खाली साचतो," हे वाक्य पोरांकडून पाच-पाच वेळा लिहून घ्यायची. कोणी अडखळलं की माझं डोकं फिरायचं.

कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, पऱ्हाटी पुरे झाली आता. भाजीपाला लावून पाहतो." त्यासाठी शेतातली बंद विहीर चालू करायची होती. तिच्या तोंडावर टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या कुजून आत पडल्या होत्या आणि जुनी मोटर तळाशी अडकलेली. ती काढायला भावानं पुसदहून मोटरा दुरुस्त करणारे चाचा आणले. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, मीही गेले.

चाचांनी आल्या आल्या पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडला. अर्ध्यात गेला नाही तोच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

"गॅस धरला हिनं," चाचा म्हणाले. "आज उतरायचं नाही."

विहिरीत कोणी गुदमरून गेलं की आमच्याकडे हेच म्हणतात. मला ती भुताखेतासारखीच अडाणी समजूत वाटायची. त्यात ऊन डोक्यावर आलेलं. मी चिडले.

"गॅस कायले धरते चाचा? तुमच्या कंदिलातलं राकेल संपलं असन!" आणि भावाला म्हटलं, "जा रे, उतर तू. दहा मिनिटांचं तर काम."

मोठ्या बहिणीचा शब्द. त्यानं चपला काढल्या आणि पहिल्या कडीवर पाय ठेवला.

चाचांनी त्याची कॉलरच धरली. "बाई, तुमी शिकलेल्या. आगीले हवा लागते का नाही? मानसालेबी तेच लागते. आग मेली तिथं हा पोट्टा जगन काय?"

मला माझाच धडा आठवला. कुजलेल्या पऱ्हाट्यांतून निघालेला वायू. हवेपेक्षा जड. खाली साचलेला. अरे देवा! मी तिथंच मातीत बसले.

आतली हवा हलवायला चाचांनी कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून कितीतरी वेळ विहिरीत खाली-वर केला, वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा कंबरेला दोर बांधून ते स्वतः उतरले. मोटर निघाली. त्या वर्षी वांगी बरी झाली.

भावाला ही गोष्ट सांगायला फार आवडतं. आल्या-गेल्या पाहुण्याला तो सांगतो, चाचांनी कॉलर कशी धरली, आपण कसे वाचलो. त्याला उतर म्हणालं कोण, हे मात्र त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी समोरच बसलेली असते. माझ्याही तोंडून ते निघत नाही.