मुइंडेने वाचवलेलं पाणी

आमच्या शाळेचा वॉचमन मुइंडे पाण्याच्या बाबतीत असा चिक्कू, की भांडी विसळताना माझ्या हातून घोटभर जास्त सांडलं तरी चुलीपाशी येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. मी इथली स्वयंपाकीण. माझ्या तोंडाला सहसा कोणी लागत नाही, पण त्याच्या त्या बघण्यापुढे मीही गप्प व्हायचे.

त्याला नावं तरी कशी ठेवायची? किटुईच्या या कोरड्या मुलखात त्याचं बालपण आईबरोबर सुकलेल्या नदीतली वाळू उकरण्यात गेलं. खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत बसायचं, मग गाढवावर कॅन लादून घर गाठायचं. पाऊस आला की आई पत्र्याखाली घरातलं एकूण एक भांडं मांडायची. एकदा त्याच्या पायाने बादली लवंडली, तर आईने त्याला बडवलं आणि मग स्वतःच रडत बसली.

शाळेची टाकी बांधली काटुंगेने. टाक्या बांधणाऱ्या बायकांच्या गटातली ही गवंडीण. छपराला पन्हळी लावून तिने अशी गोल, नेटकी टाकी उभी केली की नाकं मुरडणारे पुरुष गुपचूप हात लावून बघून गेले. मुइंडेच्या हाती किल्ली देताना तिने एकच बजावलं. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. उन्हाळाभर पत्र्यावर पाखरांची शीट, धूळ, मेलेल्या पाली साठतात. बाजूच्या नळीचं टोपण काढून ठेवायचं, सगळी घाण वाहून गेली की मगच लावायचं.

त्या वर्षी पावसाने फार वाट बघायला लावली. आला तेव्हा नळीतून पाणी भसाभसा मातीत जायला लागलं. पाणी, आणि मातीत! मुइंडेला ते बघवेना. त्याने टोपण घट्ट पिळून लावलं आणि टाकी भरत असल्याचा आवाज ऐकत भिजत उभा राहिला.

मुलांची पोटं बिघडली. काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. टाकीचं झाकण काढलं तर नाकाला पदर लावायची पाळी. सगळं पाणी सोडून द्यावं लागलं, आणि नळ उघडायला लागला मुइंडेलाच.

मग आंब्याखाली पालकांची सभा भरली. कोणीतरी म्हणालं, टाकीला भेग असणार, बाहेरची घाण आत झिरपली, बायकांनी बांधल्यावर दुसरं काय होणार? लोकांनी माना डोलावल्या, हेडबाईंनीसुद्धा. दवाखान्याच्या टाकीचं काम काटुंगेच्या गटाला मिळायचं होतं, ते तिथल्या तिथे हातचं गेलं. काटुंगे एवढंच म्हणाली, की माझ्या कामात खोट नाही. मुइंडे मागे झाडाला टेकून उभा होता. मला तेव्हा ठाऊक असतं तर गचांडी धरून त्याला पुढे आणला असता.

त्यानंतर तो चुलीकडे फिरकेना. मी मुद्दाम पाणी सांडून बघितलं, तर मान फिरवून निघून गेला. शेवटी एकदा लाकडं टाकायला आला आणि तिथेच बसून त्याने सगळं ओकून टाकलं. लाज वाटते गं, म्हणाला, रस्त्यात ती दिसली की मी वाट बदलतो. मी म्हटलं, मेल्या, मला काय सांगतोस? जिचं नाव बुडवलंस तिला सांग. आणि त्याला पुढे घालून घेऊन गेले.

काटुंगे अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. दाराशी आलेल्याला आधी पाणी द्यायची रीत. तिने वाळवलेल्या भोपळ्याच्या वाटीत पाणी आणून त्याच्या हातात दिलं.

"ताई, टोपण मी लावलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या टाकीत खोट नव्हती."

"माहीत आहे. मी येऊन बघितलं होतं. घाण वाहून गेली असती तर नळीखाली चर पडला असता, तिथे नुसता ओघळ होता."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. तू आपणहून बोलला असतास तर लोकांनी पदरात घेतलं असतं." तिने शेंगांची टोपली पुढे ओढली. "मी सारखी तुझ्याकडे बघत होते, मुइंडे. तू खाली बघत होतास."

मुइंडे वाटी धरून तसाच उभा राहिला. पाणी तोंडाला लावायची त्याची हिंमत होईना, आणि ओतून टाकायला हात धजेना.